ज्या गिअरवर चढशील, त्याच गिअरवर उतर

वाई, पौष

चि. सौ. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. दोघंच महाबळेश्वरला, भाड्याची गाडी, आणि चालवणार तू! वाचून इतका आनंद झाला की यांच्या फोटोपुढे जाऊन सांगून आले. आपण एकत्र काम करायचो त्या शाखेत तू रुजू झालीस तेव्हा उतारावर स्कूटर लावायलाही रखवालदाराला हाक मारायचीस. ती मुलगी आता पसरणीचा घाट चढणार. फोनवर सगळं बोलून होत नाही आणि बोललेलं राहतही नाही, म्हणून लिहून पाठवते. जावईबापूंनाही वाचायला दे, त्यांच्यासाठीही यात थोडं आहे.

पहिलं काम म्हणजे सोमवारची रजा टाक. खोली कुठली घ्यावी, स्वेटर किती न्यावेत, हे सगळं नंतर. रविवारी दुपारी चारनंतर वरची सगळी माणसं एकदम खाली निघतात. वेण्णा तलावापासून पाचगणीपर्यंत गाडीला गाडी चिकटलेली असते. मग अंधार पडतो आणि समोरच्यांचे दिवे थेट डोळ्यांत येतात. पहिल्यांदा घाट उतरणाऱ्या माणसाने ती वेळ निवडू नये. सोमवारी सकाळी चहा घेऊन निघालात तर घाट मोकळा मिळेल आणि रविवारची संध्याकाळ तुमची तुम्हाला राहील. दोन दिवसांच्या सहलीत तीच संध्याकाळ घाईत जाते.

आणि शुक्रवारी रात्री माझ्याकडे मुक्कामाला या. पुणे ते वाई साधारण ९० किलोमीटर. कात्रज, खेड शिवापूरचा टोल, शिरवळ, खंबाटकी, आणि सुरूरच्या फाट्याला हायवे सोडायचा. खंबाटकीत मालाचे ट्रक अगदी सावकाश चढत असतात. त्यांच्या मागे राहावं लागलं तर राहा, दहा मिनिटं उशीर झाला तरी मी जेवायची थांबलेली असेन. सकाळी इथून ताज्या डोळ्यांनी घाट चढा.

गाडी घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घे. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी तशी असते. ओळखीतल्या कुणी पांढऱ्या पाटीची घरची गाडी पैसे घेऊन देऊ केली तर नको म्हण. काही झालं तर विम्याचे पैसे मिळतील याची खात्री नाही. ताब्यात घेण्याआधी चारी बाजूंनी फिरून फोनवर चित्रीकरण कर. आधीचे ओरखडे, काचा, टायर, किलोमीटरचा आकडा, सगळं घे. डिकी उघडून स्टेपनी अंगठ्याने दाबून बघ. जॅक, पाना आणि लाल त्रिकोण आहे का ते बघ. हॉर्न वाजवून बघ, घाटात तो ब्रेकइतकाच लागतो. आणि लगेच हायवेला लागू नकोस. तासभर गावातच फिरव, एखाद्या चढावर थांबवून पुन्हा उचल. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो. ती जागा पायाला घाटात शोधावी लागू नये.

आता पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी अवघे बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात तू साडेपाचशे मीटरच्या वर चढतेस. म्हणूनच वाईत काच उघडी ठेवून बसलेलं माणूस वर पोचेपर्यंत शाल शोधायला लागतं. चढताना गाडी कण्हायला लागली की लगेच खालचा गिअर टाक, वरच्या गिअरवर ओढत बसू नकोस. समोरून कुणी अरुंद जागी आलं तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. पण समोरचा थांबत नसेल तर तू थांब. नियम आपल्या बाजूने आहे म्हणून वळणावर हट्ट करायचा नाही. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, आपली डावी बाजू, आणि ओव्हरटेक नाहीच. मागचा कितीही हॉर्न मारू दे. जागा मिळाली की डावीकडे घेऊन त्याला पुढे सोड आणि तुझ्या लयीत चालव.

एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरवर घाट चढलास त्याच गिअरवर उतर. तू हे वाक्य पाठ कर. उतारावर गाडीला इंजिनाने धरायचं असतं, ब्रेकने नुसती अधूनमधून आठवण द्यायची. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. गाडी न्यूटरलवर सोडणारे लोक वाचवतात दोन थेंब पेट्रोल आणि घालवतात तो सगळा ताबा. ऑटोमॅटिक गाडी घेतलीस तर तिचा खालचा गिअर हाताने कसा टाकायचा ते देणाऱ्याकडून नीट शिकून घे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती, आमची स्टिअरिंगपाशी गिअर असलेली जुनी गाडी होती, आणि मला चालवता येत नव्हती. यांनी कागदावर पॉइंटांची यादी करून आणली होती. सकाळपासून एकेक खूण करत आम्ही पळत होतो. केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन, आर्थर सीट, लॉडविक, आणि शेवटी सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. मी म्हटलं, इथे जरा बसू या. हे म्हणाले, अजून दोन राहिलेत. तिथून बोलाचाली सुरू झाली ती पाचगणी ओलांडली तरी थांबली नाही. हे रागात घाट उतरवत होते, पाय ब्रेकवर. आधी वास आला, जळक्या कापडासारखा. मला वाटलं बाहेर कुणी काही पेटवलंय. पुढच्या वळणाला यांनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला, मऊ भाकरीवर पडावा तसा. यांनी दुसरा गिअर ओढला, इंजिन जोरात ओरडलं, गाडी मंदावली, आणि रस्ता जरा रुंद होता तिथे डावीकडे थांबली. मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. माझे हात इतके थरथरत होते की दगड दोनदा निसटला.

ब्रेक निवेपर्यंत पाऊण तास आम्ही कठड्याशी बसलो. खाली वाईचे दिवे दिसत होते. यादीचा कागद यांच्या खिशातच होता. त्या पाऊण तासात मी ठरवलं, गाडी शिकायची. त्या वळणावर यांचं काही बरंवाईट झालं असतं तर गाडीला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तू चालवणार हे ऐकून मला एवढं बरं वाटलं. तुला कधी असा वास आला तर लगेच थांब, खालच्या गिअरवर ठेव, चाकाला दगड लाव, तापलेल्या चाकावर पाणी ओतू नकोस, आणि थांब म्हणजे खरंच थांब. निघताना दगड उचलून कठड्याच्या कडेला टाक. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेला दगड बहुतेक वेळा असाच कुणीतरी मागे सोडलेला असतो, आणि रात्री तो दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतो.

जावईबापूंना गाडी लागते असं तू मागे म्हणाली होतीस. त्यांना लाजायचं काही कारण नाही, धडधाकट माणसांनाही घाटात मळमळतं. पोट रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. पुढच्या सीटवर बसवायचं, फोन खिशात, नजर लांब रस्त्यावर, काच चार बोटं खाली. आल्याचा तुकडा मीठ लावून मी देईनच बांधून. आणि त्यांना माझ्याकडून एवढं सांग: शेजारी बसून ब्रेक मारायचा नाही. वळणावर पाय दाबू नका, श्वास ओढू नका, "अगं, अगं" म्हणू नका. चालवणाऱ्याला समोरचा ट्रक दिसत असतो. तुमचा श्वास ऐकून ती तुमच्याकडे बघायला लागली, तर तोच धोका. काही सांगायचंच असेल तर वळण संपल्यावर. घाटात सासर-माहेर, पैसे, कुणाच्या लग्नात कोण काय म्हणालं, हे विषय दोघांनीही काढायचे नाहीत. ते बोलणं बसून बोलायचं असतं. जरूर बोला, पण चार चाकं थांबलेली असताना.

वर गेल्यावर काय बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यादी करू नका. मला विचारशील तर तीनच ठिकाणं सांगेन.

वेण्णा तलावावर पहाटे जा, संध्याकाळी नको. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली तो बांधून घेतला. संध्याकाळी तिथे घोडे, होड्या, मक्याची कणसं आणि गाड्यांची गर्दी असते. पहाटे मात्र पाण्यावरून वाफ उठत असते आणि आवाज नसतो. थंडी कडक पडली तर काठच्या गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. बोट लावलं की करकरतं आणि बोटाच्या उबेने लगेच पाणी होतं. जावईबापूंनी हे पाहिलं नसेल. त्यांना उठवून ने.

दुसरं, क्षेत्र महाबळेश्वर. बाजारापासून सहा-सात किलोमीटर पुढे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून पडतं. पण तू जवळच्या कृष्णाबाईच्या देवळात नक्की जा. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, पुढे दरी. तिथे माणसं कमी असतात. जी कृष्णा आमच्या वाईच्या घाटाला लागते, तीच पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते, तिचं पाणी तिथे ओंजळीत मावतं. आम्ही दोघं दर वर्षी जायचो. आता मी एकटी जाते, पण जाते.

तिसरं, भिलार. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना वाटेत फाटा आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, देवळात, शाळेत कपाटं भरून मराठी पुस्तकं ठेवली आहेत. आत जायचं, हवं ते काढायचं, ओसरीवर बसून वाचायचं. तुम्ही दोघंही वाचणारी. अर्धा दिवस तिथे गेला तर तो वाया गेला असं समजू नकोस.

त्याच भागात स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतील. लाल मातीचे उंच गादीवाफे, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं, आणि प्रत्येक भोकातून एक रोप. फळ मातीला न टेकता कागदावर निजलेलं असतं. तोडणी सकाळी लवकर करतात, ऊन चढलं की फळ मऊ पडतं. घेताना खोक्यातला वरचा थर बघून भुलू नकोस, खालचंही बघ. देठाजवळ पांढरं असलेलं फळ घरी नेऊन पिकत नाही, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे गोड होत नाही. पूर्ण लाल, हिरव्या टोपीसकट, आणि नाकाशी नेलं की वास आला पाहिजे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेतावरून घेतलीस तर शेतकऱ्याला पैसे बरे मिळतात, म्हणून शक्यतो तिथेच घे आणि फार घासाघीस करू नकोस. परतीला खोकं डिकीत ठेवू नकोस, घाटात डिकीतलं सामान सरकतं आणि त्याखाली फळाचा लगदा होतो. मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी ठेव.

प्रतापगडाचा मोह होईल. वीस-बावीस किलोमीटरच आहे, पण आंबेनळी घाटाने उतरावं लागतं आणि तो रस्ता पसरणीपेक्षा अवघड आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला जिथे अफजलखानाची भेट झाली ती जागा धावतपळत बघायची नाही. पुढच्या वर्षी, तुझा हात आणखी बसला की, मीही येईन तुमच्याबरोबर.

बारीकसारीक थोडं. पेट्रोल वाईतच भर. महाबळेश्वरला नगरपालिकेच्या नाक्यावर प्रवेशाचा कर घेतात, सुटे पैसे हाताशी असू देत. घाटात फोनची रेंज जाते-येते, म्हणून खोलीचा पत्ता कागदावर लिहून ठेव. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका, आणि गाडीची काच उघडी टाकून कुठेही जाऊ नका. धुकं आलं तर दिव्याचा खालचा झोत (लो बीम) लाव. वरचा लावलास तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

सोमवारी पाचगणी सोडताना मला फोन कर, पण गाडी थांबवून. अंगणातली माझी गाडी मी आदल्या दिवशीच शेजारी लावेन, म्हणजे तुला सरळ आत घेता येईल. आणि यांच्यासाठी चार स्ट्रॉबेरी वेगळ्या ठेव, फोटोपुढे ठेवायला.

तुझी,
काकू