उत्क्रांती मानली तर जगण्याला आध्यात्मिक हेतू उरतो का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. उत्क्रांती आंधळी असेल तर आध्यात्मिक हेतू येणार कुठून, आणि नुसतं तगून राहण्यासाठी घडलेल्या मेंदूला अंतिम सत्य कळेल यावर भरवसा का ठेवायचा. मी उत्क्रांतीपण मानतो आणि साधनापण करतो. मासा, कासव, वराह अशी अवतारांची रांग लावून 'हे आपल्याकडे आधीच सांगितलंय' म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही, त्यात ना डार्विन कळतो ना अवतार.

त्यापेक्षा सांख्यांचा, म्हणजे सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाच्या लोकांचा, जुना वाद बघा. सांख्यकारिका या त्यांच्या मूळ ग्रंथात ५७ व्या कारिकेत (श्लोकात) ग्रंथकार ईश्वरकृष्ण म्हणतो की वासरू वाढावं म्हणून जड, म्हणजे अचेतन, दूध जसं आपोआप पाझरतं तशी जड प्रकृती (सृष्टीचं मूळ द्रव्य) पुरुषाच्या, म्हणजे आतल्या चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी चालते, म्हणजे हेतू आहे पण तो मनात धरणारं कोणी नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हेच उदाहरण उलटवलं, की अहो गाय चेतन आहे, तिला वासराची माया आहे म्हणून दूध येतं. आता आजचं जीवशास्त्र म्हणेल पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे आणि ती मायासुद्धा उत्क्रांतीतच घडलीय. बरोबर आहे, पण म्हणून माया खोटी ठरली का? एखादी गोष्ट कशी आली हे कळलं म्हणजे ती काय आहे, कशासाठी जपायची हे ठरत नाही, आणि माझ्या मते सगळी गल्लत इथेच होते, धार्मिक लोकांचीही आणि नास्तिकांचीही.

ज्ञानाचा प्रश्न जास्त अवघड आहे. खुद्द डार्विनने १८८१ मध्ये विल्यम ग्रॅहमला लिहिलेल्या पत्रात ही शंका काढली होती, की खालच्या प्राण्यांपासून विकसित झालेल्या मनाच्या धारणांवर विश्वास ठेवावा का. पुढे आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्यावरून निव्वळ निसर्गवादाविरुद्ध, म्हणजे निसर्गापलीकडे काहीच नाही या मताविरुद्ध, अख्खा युक्तिवाद उभा केला. मला इथे वेदांतातला दोरीवरचा साप आठवतो. अंधारात दोरी साप वाटली तर फार तर दचकायला होतं, पण साप दोरी वाटला तर जीव जातो, त्यामुळे चुकीच्या बाजूला झुकलेली नजर टिकून राहिली यात नवल नाही. पण उजेड आणून बघायची सोयही याच मेंदूत आहे ना! विज्ञान ते प्रयोगाने आणि एकमेकांच्या चुका काढून करतं, साधना स्वतःच्या भीतीवर आणि हावेवर करते. मेंदू चुकतो हे मान्य करूनच दोघं सुरुवात करतात.

आता जिथे मी अडतो ते सांगतो. श्रीअरविंद किंवा फ्रेंच धर्मगुरू आणि जीवाश्मशास्त्रज्ञ तेयार द शार्दाँ उत्क्रांतीला चैतन्याकडे चढत जाणारा जिना मानतात, वाचताना भारावून जायला होतं, पण पृथ्वीवर आजही जीवाणूंचीच चलती आहे आणि त्यांना वर चढायची काही घाई दिसत नाही. शिवाय वेदनेचं काय? डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं होतं की जिवंत अळीला आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केली असेल हे मनाला पटत नाही. मलाही पटत नाही. म्हणून मी हेतू सृष्टीच्या आराखड्यात शोधत नाही, त्या अळीबद्दल आपल्याला वाईट वाटू शकतं तिथे शोधतो, आणि माझ्यापुरती साधना तिथूनच सुरू होते.