कार लोनचा हप्ता खात्यात असूनही लेट फी लावली, पाचशे-सहाशे रुपयांसाठी भांडावं का? सिबिल खराब होईल का?

भांडावं. आणि "जाऊ दे ना, ५९० रुपयेच तर आहेत" म्हणणारा माणूस घरात असेल तर त्याला आधी या प्रकरणापासून लांब ठेवा. आमच्याकडे ते मोठे भाऊजी होते.

मे २०२४ ची गोष्ट. माझा हप्ता १४,८५० चा, ५ तारखेला आपोआप कटतो. त्या महिन्यात ५ ला रविवार आला. खात्यात ४१ हजार पडून होते. ९ ला मेसेज, की तुमचा ईएमआय बाऊन्स झाला, ५०० चार्ज आणि वरून ९० जीएसटी. मी लगेच लिंकवरून फक्त हप्ता भरला, ५९० ला हात लावला नाही, आणि बँकेचं स्टेटमेंट काढून बसलो.

आता बघा, मँडेट, म्हणजे आपल्या परवानगीने खात्यातून हप्ता कापायची मागणी, खरंच बाऊन्स झालं असतं तर आपली बँक सोडते का? तीही सहसा आपला रिटर्न चार्ज कापते, स्टेटमेंटमध्ये दिसतो तो. माझ्याकडे ५ पासून ९ पर्यंत तशी एकही एंट्री नाही. म्हणजे लोन देणाऱ्या कंपनीने मँडेट पाठवलंच नव्हतं, विसरले असतील नाही तर सिस्टम झोपली असेल, आणि बिल फाडलं माझ्या नावावर.

४५ डिग्रीत तोंडाला दुपट्टा बांधून कंपनीच्या ब्रँचमध्ये गेलो. काउंटरवरची पोरगी म्हणे, "सर, संडे होता ना." म्हटलं मॅडम, १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे हप्ते आपोआप कापायची यंत्रणा, रविवारी अन् सुट्टीच्या दिवशीही चालते, आणि घडीभर नाही चालत असं धरलं तरी सोमवारी काहून नाही पाठवलं? तर म्हणे, "सिस्टम बाऊन्स दाखवून राहिली सर." बस, यापुढे काही नाही. तुम्ही तोंडी वाद घालतच बसू नका. मेल करा, स्टेटमेंट जोडा, मँडेटचा यूएमआरएन नंबर टाका आणि दोनच गोष्टी विचारा, मँडेट कोणत्या तारखेला पाठवलं आणि परत आलं तर कारण काय नोंदलंय. मी १० मेला मेल केला, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

त्याऐवजी त्यांनी भाऊजींना फोन लावला. लोनच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून त्यांचं नाव होतं ना. तोही सकाळी पावणेआठला. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय, पण भाऊजींना नियमाशी काय करायचं, त्यांची इज्जत गेली होती. आणि त्याच आठवड्यात चुलत बहिणीचं साक्षगंध. नागपुरात मानेवाड्यातल्या हॉलमध्ये, पन्नास माणसांसमोर, हातात रसमलाईची वाटी घेऊन म्हणतात, "बाबू, अडचण होती तर आधी सांगायचं ना, मी भरून टाकले तुझे." भरून टाकले! ज्या चार्जसाठी मी उन्हात फिरून राहिलो तो यांनी सोफ्यावर बसून फोनवरून भरून टाकला, आणि कंपनीचा मेल आला की चार्जेस मिळाले, तक्रार क्लोज.

म्हणून सांगतो, रेफरन्सला आधीच सांगून ठेवा की एक रुपया भरायचा नाही. भरलाच असेल तर त्याच दिवशी मेल टाका की ही रक्कम चार्ज मान्य नसताना भरली आहे, परत हवी. मी तसाच टाकला, मग तक्रार निवारण अधिकारी, मग नोडल अधिकारी. पहिल्या तक्रारीला ३० दिवस होऊनही धड उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील नाही. भाऊजी म्हणे, "आपल्या संविधान चौकात रिझर्व्ह बँक आहे, तिथे जाऊन बस." तिथे जाऊन बसायचं नसतं भाऊजी, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार ऑनलाइन करायची असते, कागदी पाठवायची तर ती चंदीगडला जाते. मी जूनच्या मध्यात ऑनलाइन केली आणि लोकपालाचा निकाल यायच्या आधीच जुलैत ५९० परत आले. "गुडविल म्हणून", म्हणे.

सिबिलचं विचारलंत. हप्ता उशिरा मिळाला असं त्यांच्या रेकॉर्डवर राहिलं तर रिपोर्टमध्ये दिसू शकतं, म्हणून त्याच मेलमध्ये तेही दुरुस्त करायला सांगा. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघा. तक्रार करून ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आणि चार्ज पडून राहिला तर नडतो शेवटी, लोन संपल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ मागायला जाल तेव्हा, कारण त्याशिवाय आरटीओत आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवरच्या लोनची नोंद, निघत नाही. तेव्हा पाच वर्षांपूर्वीचं स्टेटमेंट शोधत बसाल.

हां, एक राहिलं. खात्यात त्या दिवशी खरंच पैसे कमी असतील तर हे सगळं विसरा, चार्ज तुमचाच. आणि भांडण चालू आहे म्हणून पुढचे हप्ते थांबवू नका, मग खरंच लेट व्हाल.

५९० मी भाऊजींना फोनपेवर पाठवले, सोबत कंपनीच्या मेलचा फोटो आणि तोच फोटो फॅमिली ग्रुपवरही. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले, एक भाऊजींचा नाही. पैसे मात्र ठेवून घेतले.