'द वायर'चा दुसरा सीझन सोडू का? अजिबात नाही

तुमचा प्रश्न असा: 'द वायर' ह्या बाल्टिमोर शहरातल्या पोलीस आणि ड्रग टोळ्यांवरच्या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन आवडला, पण मित्र म्हणतात दुसरा बंदरावरचा आहे, रटाळ आहे, थेट तिसरा लाव. शिवाय एवढी नावाजलेली मालिका असून एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मोठं बक्षीस, का नाही?

सोडू नका. आणि त्या मित्राला विचारा, आयुष्यात कधी गोदीच्या दरवाजापाशी तरी उभा राहिलायस का.

माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून काय उतरलं, कुठल्या शेडमध्ये गेलं, कुठल्या ट्रकवर चढलं, सगळी नोंद त्यांच्या हातची. १९८९मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनर हळूहळू तिकडे वळले. इकडे माणसं होती, काम नव्हतं. शेवटी बाबांनी व्हीआरएस घेतली.

मी दुसरा सीझन बघत होतो तेव्हा ते चहाचा कप घेऊन सहज बाजूला बसले आणि बसूनच राहिले. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही (बाल्टिमोरचं मलाही कळत नाही, सबटायटल लावा, लाजू नका). पण चेकर मुद्दाम एका कंटेनरची नोंद करत नाही, डबा यार्डात 'हरवतो' आणि नंतर ट्रक येऊन उचलून नेतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं. "आमच्याकडे असलं काही चालत नव्हतं," म्हणाले. आणि मग चालवायचंच झालं तर ते कसं चालवता येईल, हे मला बराच वेळ समजावून सांगितलं.

पुढे एक प्रसंग येतो. युनियनचा पुढारी फ्रँक सोबोट्का, म्हणजे क्रिस बाउअर, एका सादरीकरणाला बसलाय. पडद्यावर रॉटरडॅमचं यांत्रिक बंदर. डबे आपोआप हलतायत, यार्डात माणूस दिसत नाही. सांगणारा खुशीत आहे आणि फ्रँकचा चेहरा उतरत चाललाय. बाबा एवढंच म्हणाले, "ह्याच्या पोरांनी काय करायचं मग?" त्याची पोरं म्हणजे मुलगा झिगी आणि पुतण्या निक. सिनिऑरिटी नाही म्हणून निकला महिन्यात मोजकेच दिवस काम मिळतं, आणि मग तो काय करतो ते तुम्ही बघालच.

आता आमचे भाऊजी. ताईचे मिस्टर, हुशार माणूस, नोकरी आयटीत. एकदा जेवताना बाबांच्या समोर म्हणाले, "गोदी युनियननीच बुडवली." बाबा गप्प जेवत राहिले. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, ते ह्या सीझनमध्ये आहे. फ्रँक काही संत नाही, स्मगलरांचे पैसे घेतो. पण ते घरात जात नाहीत, राजकारण्यांच्या खिशात जातात. का, तर कालव्यातला गाळ काढावा, धान्याचा धक्का पुन्हा सुरू व्हावा. आणि बिल्डरचा डोळा त्याच धक्क्यावर, तिथे फ्लॅट बांधायला! बंदर कोण बुडवतंय, ते मग तुम्हीच ठरवा.

हे लिहिणारे लोक हवेतून आलेले नाहीत. डेव्हिड सायमन 'बाल्टिमोर सन'चा क्राइम रिपोर्टर. १९९५मध्ये त्यानेही पेपरकडून पैसे घेऊन नोकरी सोडली, म्हणजे आमच्या भाषेत व्हीआरएसच. एड बर्न्स आधी पोलिसात डिटेक्टिव्ह, मग शाळेत मास्तर.

कथेच्या दृष्टीनेही सोडणं वेडेपणा आहे. ड्रग टोळीचा म्होरक्या एव्हन तुरुंगात असताना त्याचा उजवा हात स्ट्रिंगर बाहेर परस्पर काय काय ठरवतो, हे बघितलं नसेल तर तिसऱ्या सीझनमधलं त्या दोघांचं भांडण डोक्यावरून जाईल.

एमीचं म्हणाल तर पाच सीझन, ६० भाग, त्यात लेखनाची दोन नामांकनं आणि बक्षीस शून्य. बक्षीस देणाऱ्यांची लाज, मालिकेची नव्हे.

हां, एक राहिलं. शिव्या आणि नागडेपणा भरपूर आहे, घरच्यांसोबत बसणार असाल तर रिमोट हाताशी ठेवा. झिगी सुरुवातीला डोक्यात जातो, सहन करा. आणि एखादा सीझन सोडायचाच असेल तर पाचवा सोडा, पेपरवाल्यांचा. तिथे सायमनने जुने हिशेब चुकते केलेत आणि तो खोट्या सीरियल किलरचा प्रकार मला शेवटपर्यंत पटला नाही. भाऊजींना सगळ्यात जास्त तोच आवडतो.