लोकल बंद पडली की खरी माहिती ऑनलाईन कुठे बघायची?

मुंबई लोकलचं विचारताय म्हणून सांगतो, रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी आधी जाहीर करून घेतलेला ब्लॉक) आणि अचानक झालेला खोळंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॉकचं पत्रक एक-दोन दिवस आधी मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या एक्स अकाउंटवर येतं, फक्त ते नीट वाचा, म्हणजे माटुंगा-मुलुंड फास्ट लाईनवर ब्लॉक असला तर गाड्या बंद नसतात, त्या पट्ट्यात फास्ट गाड्या स्लो लाईनवरून काढतात आणि साधारण 15 मिनिटं उशीर धरून चालायचं.

अचानक सिग्नल गेला किंवा ओव्हरहेड वायर तुटली तर मात्र एम-इंडिकेटर ॲपचं ट्रेन चॅट आधी उघडा, तिथे गाडीत अडकलेलीच माणसं लिहीत असतात, अफवा पण भरपूर असतात म्हणा, म्हणून तीन-चार जण एकच स्टेशन सांगत असतील तरच खरं मानायचं. मध्य रेल्वेवाल्यांनी यात्री ॲपमध्ये गाडी नकाशावर कुठे आहे ते पण बघावं. रेल्वेच्या पोस्टमध्ये 'वाहतूक पूर्ववत' आलं तरी लगेच निघू नका, मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि पहिल्या दोन-तीन गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. लांब पल्ल्याची एक्सप्रेस असेल तर सरळ एनटीईएस, म्हणजे गाडी कुठे आहे ते सांगणारी रेल्वेची अधिकृत सेवा.