लोकल चुकली की दिवसच कोलमडतो

प्रश्न: मी बदलापूरहून सीएसएमटीला नोकरीला जाते. पहाटे पाचपासूनचा दिवस मिनिटामिनिटाने आखते, पण गाडी रखडली की सगळं विस्कटतं आणि राग मुलांवर निघतो. काय करू?

उत्तर: ताई, तुमची शिस्त चांगलीच आहे, आखणीत मोकळी फट नाही, एवढंच. एक काम १५ मिनिटं लांबलं की मागची सगळी ढकलली जातात. सकाळी २० आणि संध्याकाळी ३० मिनिटं कोरी सोडा. 'तेवढ्यात भांडी घासून घेते' असंही नको. आज व्हायलाच हवीत अशी फक्त तीन कामं लिहा, बाकीची जमली तर.

सकाळचा खरा वेळ खातो तो डबा. मटकी आठ तास भिजवा, निथळून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात १०-१२ तासांत मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. भेंडी रात्रीच धुऊन कोरडी पुसून ठेवा. ओली चिरली की तार सुटते आणि परतत बसावं लागतं. कणीक रात्री मळून, तेलाचा हात फिरवून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, पण दुसऱ्या दिवशीच संपवा. नंतर ती काळपट पडते.

डाळ-तांदूळ मोजून ठेवलेले असू द्या. गाडी थांबलीच तर घरी एकच निरोप पुरतो: "उशीर होतोय, कुकर लावा." आणि घरी पोचल्यावर हातपाय धुऊन आधी दहा मिनिटं मुलांजवळ नुसत्या बसा. वह्या त्यानंतर.