घरी जोडलेल्या संगणकात रॅम अर्धीच दिसणे, एसएसडी न दिसणे आणि हार्ड डिस्क मधूनच नाहीशी होणे: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

नमस्कार.

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. इंदूरमध्येच सुटे भाग घेऊन तुम्ही कन्येच्या अभ्यासासाठी घरी संगणक जोडला. त्यात इंटेल कोअर आय५-१०४०० हा प्रोसेसर, बी५६० चिपसेटचा (इतर भागांशी संपर्क सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या प्रत्येकी ८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबीची नवी एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी, वेगवान प्रकारची) एसएसडी आणि जुन्या संगणकातून काढलेली १ टीबीची हार्ड डिस्क आहे. ग्राफिक्स कार्ड वेगळे नाही. संगणक सुरू होतो, बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रणालीचा, पडदाही येतो. पण रॅम ८ जीबीच दिसते, प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये बसवलेली एसएसडी कुठेच दिसत नाही आणि हार्ड डिस्क एखाद्या दिवशी दिसते, तर दुसऱ्या दिवशी नाही. बोर्ड खराब आहे, तो बदलून घ्यावा लागेल, असे दुकानात सांगितले गेले.

माझे स्पष्ट मत असे की, बोर्ड परत करण्याची घाई करू नका. तीन तक्रारी एकदम दिसल्या की त्यांचे मूळ एकच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या तीन वस्तू बोर्डावर वेगवेगळ्या वाटांनी जोडलेल्या असतात. रॅमच्या तारा थेट प्रोसेसरकडे जातात, बी५६० बोर्डांवर प्रोसेसरजवळचा एम.२ (पट्टीसारखी एसएसडी बसवण्याचा) स्लॉटही सहसा थेट प्रोसेसरलाच जोडलेला असतो, आणि हार्ड डिस्कची साटा (केबलने होणारी) जोडणी मात्र चिपसेटमधून येते. त्यामुळे तिन्ही तक्रारी स्वतंत्रपणे तपासाव्यात, आणि एका वेळी एकच बदल करून संगणक सुरू करून पाहावा. एकाच बैठकीत केबल, स्लॉट आणि बायोसमधील नोंदी असे सगळे बदलले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तपासणीची जागा विंडोज नव्हे, बायोस आहे. एखादा भाग बायोसलाच दिसत नसेल, तर ड्रायव्हर टाकून किंवा विंडोज पुन्हा बसवून काहीही साधत नाही. दोष जोडणीत, भागात किंवा बायोसच्या एखाद्या नोंदीत असतो. भाग बायोसमध्ये दिसतो आणि विंडोजमध्ये दिसत नाही, तर मात्र पेचकस बाजूला ठेवावा. येथे एक गफलत फार जणांची होते. नवी कोरी एसएसडी बूट क्रमाच्या यादीत सहसा येतच नाही, कारण तिच्यावर अजून सुरू होण्याजोगे काही नसते. विंडोज बसवल्यावर त्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावाने नोंद येते. म्हणून एसएसडी दिसते की नाही हे बूट यादीत न पाहता स्टोरेज किंवा एनव्हीएमई कॉन्फिगरेशनच्या पानावर पाहावे. तुम्ही कोणत्या पानावर पाहिले ते लिहिलेले नाही, म्हणून आधी तेवढे पाहून घ्या.

त्या पानावरही ती नसेल, तर तुमच्या बाबतीत मला एका कारणाची जवळजवळ खात्री वाटते, आणि ते कारण म्हणजे कोणत्याही वस्तूचा दोष नव्हे. बी५६० हा चिपसेट २०२१ साली ११व्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर आला. त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे एलजीए १२०० मध्ये, १०व्या पिढीचे प्रोसेसरही बसतात आणि चालतात. पण १०व्या पिढीच्या प्रोसेसरकडे पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ लेन, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, असतात, तर ११व्या पिढीच्या कोअर आय५ आणि त्यावरच्या प्रोसेसरांकडे २०. या वाढीव चार लेन एम.२ एसएसडीसाठी आहेत, आणि बी५६० बोर्डांवर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट नेमका त्यांनाच जोडलेला असतो. तुमचा १०४०० हा १०व्या पिढीचा असल्यामुळे त्या स्लॉटपर्यंत येणारी वाटच अस्तित्वात नाही. एसएसडी उत्तम असेल, बोर्ड उत्तम असेल, बायोस अगदी ताजे असेल, तरी त्या जागी ती दिसणार नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते, पण स्लॉटांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात. आणि धातूची चकचकीत पट्टी बहुधा याच स्लॉटवर असल्यामुळे कोणीही एसएसडी आधी तिथेच बसवतो. याच जोडीचे संगणक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी एसएसडी खालच्या स्लॉटमध्ये हलवताच बायोसमध्ये दिसू लागली.

तेव्हा चिपसेटकडचा, म्हणजे मोठ्या ग्राफिक्स स्लॉटच्या खालच्या बाजूचा एम.२ स्लॉट वापरा. एसएसडीवर २२८० असे लिहिलेले असेल. याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. म्हणून खालचा पितळी स्टँडऑफ (स्क्रू बसण्याचा छोटा खांब) ८० च्या खुणेवर आहे ना हे आधी बघा. तो नसेल तर बोर्डाच्या खोक्यातल्या छोट्या पुडीत सापडेल. एसएसडी तिरपी धरून आत सरकवावी. ती पूर्ण आत गेली की तिचे सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होतात. मग टोक हलकेच खाली दाबून स्क्रू लावावा. दाबल्यावर ती मधोमध वाकत असेल किंवा दातांची बाजू उचलली जात असेल, तर स्टँडऑफ चुकला आहे किंवा लावलेलाच नाही, असे समजावे. एसएसडीच्या लेबलवर एनव्हीएमईच लिहिले आहे याचीही खात्री करून घ्या. साटा प्रकारची एम.२ एसएसडी दिसायला जवळपास तशीच असते, फक्त तिच्या दातांत बहुधा एकाऐवजी दोन खाचा असतात. अशी एसएसडी खालच्या स्लॉटमध्ये लावली, तर अनेक बोर्डांवर साटाचे एक पोर्ट बंद पडते. हार्ड डिस्क त्याच पोर्टवर असेल तर ती नाहीशी होते.

तुमच्या बोर्डावर एम.२ चा एकच स्लॉट असेल तरीही बोर्ड बदलण्याची गरज नाही. एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये बसवण्याचे साधे अ‍ॅडॅप्टर कार्ड मिळते. तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे सर्वांत मोठा स्लॉट रिकामाच आहे, आणि तो १०व्या पिढीबरोबर व्यवस्थित चालतो. आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली तर असे कार्ड मिळायला अडचण पडू नये. त्यावरून विंडोज सुरूही होते.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा प्रोसेसर ११व्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. एसएसडी बायोसमध्ये दिसते, पण विंडोज बसवताना ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असा संदेश येतो, तेव्हा बायोसमध्ये व्हीएमडी नावाची, इंटेलची ड्राइव्ह सांभाळण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. ती बंद करावी, किंवा इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन त्याच पडद्यावर द्यावा. मात्र विंडोज आधीच बसवलेले असेल, तर ती नोंद सहज म्हणून बदलू नये. संगणक सुरूच होत नाही.

आता रॅम. चार स्लॉट असतील, तर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्यात. अनेक बोर्डांवर स्लॉटची एकच बाजू उघडते. दुसऱ्या बाजूची स्टिक वरवर बसल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात केसभर वर राहिलेली असते. दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, खटका ऐकू आला पाहिजे. त्यासाठी बऱ्यापैकी जोर लागतो आणि नवख्या माणसाला त्याची भीती वाटते, म्हणून रॅम अर्धवट बसणे हे अर्धी रॅम दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. जुन्या, काळवंडलेल्या स्टिकला त्याचा उपयोग होतो. नव्या स्टिकला गरज नाही, आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीच अडचण उभी राहते.

नीट बसवूनही ८ जीबीच दिसत असेल, तर एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवण्याची बायोसमधील सोय) बंद ठेवून अदलाबदल करून पाहा. आधी पहिली स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग तीच चौथ्यात. नंतर दुसऱ्या स्टिकचेही तसेच. स्टिक बदलल्यावर संगणक पहिल्यांदा सुरू व्हायला नेहमीपेक्षा वेळ घेतो, कधी स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होतो; तेवढा धीर धरावा. दोष जर एका स्टिकबरोबर स्लॉट बदलत फिरत असेल, तर ती स्टिक खराब आहे आणि तेवढीच बदलून मागावी. दोन्ही स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये चालतात आणि चौथ्यात एकही चालत नाही, असे आढळले तर मात्र प्रोसेसरच्या सॉकेटकडे वळावे लागते.

रॅमचे दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा, प्रोसेसरमधून निघतात आणि त्यांचे सिग्नल सॉकेटच्या १२०० पिनांपैकी ठरावीक पिनांमधून जातात. त्यातली एक जरी वाकली, तरी संगणक सुरू होतो, विंडोजही चालते, फक्त एक संपूर्ण चॅनेल गायब असतो. पण प्रोसेसर काढण्याआधी कूलर पाहा. इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरला चार खुंट्या असतात. त्यातली एखादी पूर्ण बसलेली नसली की दाब एका बाजूला पडतो आणि काही पिनांचा संपर्क कच्चा राहतो. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही खुंट्यांची टोके सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. कूलर नीट बसवल्यावर परत आलेला चॅनेल मी पाहिला आहे, म्हणून ही पायरी वगळू नका. तरीही फरक पडला नाही, तर प्रोसेसर काढून मोबाइलचा टॉर्च सॉकेटवर अगदी तिरपा धरा. शेजारशेजारच्या पिना एकाच दिशेला झुकलेल्या आणि त्यांची टोके एका रांगेत चमकताना दिसतात. वाकलेल्या पिनेची चमक त्या रांगेतून बाहेर पडलेली असते, आणि टॉर्चची बाजू बदलली की ती अधिक स्पष्ट होते. तिथे बोट किंवा कापड लावू नका. पुन्हा बसवताना कूलरखालची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे आवश्यक आहे.

रॅम बायोसमध्ये १६ जीबी आणि विंडोजमध्ये कमी, अशी वेळ आली तर प्रश्न सोपा आहे. एमएसकॉन्फिगमधील बूटच्या प्रगत पर्यायांत कमाल मेमरीची खूण कोणी केली असल्यास ती काढावी. १६ ऐवजी १५.८ किंवा १५.९ जीबी वापरण्याजोगी दिसणे हा दोष नव्हे. प्रोसेसरमधील ग्राफिक्स तेवढी मेमरी आपल्यासाठी राखून ठेवतात.

हार्ड डिस्कबद्दल सर्वांत आधी सांगायचे ते हे की, तिच्यात तुमच्या घरचे जुने फोटो आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा ती पुढच्या वेळी दिसली की कोणतीही तपासणी न करता आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. त्यानंतर साटा केबल बदला. जुन्या संगणकातून आलेल्या केबलची पकड सैल झालेली असते, आणि कॅबिनेटचे झाकण लावताना ती दाबली गेली तरी संपर्क तुटतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात सी७ ही ओळ पाहा. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहितीची किती वेळा मोडतोड झाली त्याची ती मोजणी आहे. हा आकडा कधीच कमी होत नाही, म्हणून तो मोठा आहे एवढ्यावरून घाबरू नये. तो लिहून ठेवावा, केबल बदलावी आणि काही दिवसांनी वाढला का ते पाहावे. स्थिर राहिला, तर दोष केबलचाच होता. याउलट ०५ आणि सी५ या ओळींतील आकडे शून्याहून अधिक असतील आणि वाढत असतील, तर डिस्कची चकतीच खराब होत चालली आहे, आणि अशा डिस्कवर कन्येचे काम ठेवू नये.

वीजपुरवठ्याच्या केबलबाबत मला आग्रहाने सांगायचे आहे. तुमचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा असेल, तर केवळ त्याच्याबरोबर आलेल्याच केबली वापरा. डिस्ककडचे टोक सर्वत्र सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि दुसऱ्या एसएमपीएसची केबल खटक्यासह व्यवस्थित बसूनही डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट देऊ शकते. त्यात डिस्क जळते आणि फोटोही जातात. जुन्या संगणकातून डिस्कबरोबर केबलही आणली असेल, तर आजच काढून ठेवा. एसएमपीएसची ताकद कमी पडत असेल अशी शंका मात्र घेऊ नका. १०४०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि ग्राफिक्स कार्ड नाही.

प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून केबल काढा, संगणकाचे पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि लोकरीचे कपडे अंगावर असताना स्थिर वीज सहज साचते. लोकमान्य नगरातल्या तुमच्या घराची वायरिंग जुनी असेल, तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये खरोखर अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल, तर अर्थिंग नाही असेच धरून चाला.

एवढे करूनही चौथा स्लॉट बंदच राहिला आणि सॉकेटच्या सगळ्या पिना सरळ असतील, तर दुकानात अवश्य जा. बोर्ड बदलून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तेव्हा कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये चालली याची लेखी नोंद बरोबर न्या, आणि सॉकेटवर आलेले काळे प्लॅस्टिकचे झाकण बोर्डावर परत लावूनच तो द्या. बहुतेक कंपन्या झाकणाशिवाय आलेला बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत, आणि वाटेत पिना वाकल्या तर आधीचा दोष सिद्ध करणे कठीण होते.