वेंगुर्ला ‘करून टाकायचं’ नसतं हो! – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात वेंगुर्ल्याच्या बंदराबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आजोळ माझं तिथलं, त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाहीये हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये आम्ही दोन फॅमिली आणि चार मुलं चिंचवडहून गोव्याला चाललोय, दोन गाड्या आहेत. पहिली रात्र कणकवलीला. दुसऱ्या दिवशी मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, वेंगुर्ला, रेडीचा गणपती आणि तेरेखोल करून रात्री गोव्यात पोचायचा प्लॅन आहे. वेंगुर्ल्याला किती वेळ ठेवू? दीड तास पुरेल ना?

दीड तास पुरेल की, बंदरावर फोटो काढायला, एक शहाळं प्यायला आणि ‘अरे इथे तर काहीच नाहीये’ असं म्हणून गाडीत बसायला. अहो, डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीलाच लाईन असते, किल्ला आहे ४८ एकराचा, मुलं बरोबर असली की अर्धा दिवस तिथेच गेला समजा. मग मालवण ते वेंगुर्ला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, मॅपवर तासाभराचं दिसतं पण वळणावळणाचं आहे, मागच्या सीटवरची मुलं किमान एकदा तरी गाडी थांबवायला लावणार.

माझं ऐकणार असाल तर मालवण दुसऱ्या ट्रिपला ठेवा. ऐकणार नसाल तर निदान रात्रीचा मुक्काम गोव्याऐवजी वेंगुर्ल्यात करा. दुपारी चारच्या सुमाराला पोचा, सामान टाका, चहा घेऊन सरळ बंदरावर. जेट्टीवर संध्याकाळी गावातले लोक गरी टाकून बसलेले असतात, कोणी बोलत नाही, बोललं तरी दोन शब्द. अंधार पडला की लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह लुकलुकायला लागतं. बंदराच्या टेकडीवर दुसरं दीपगृह आहे, ते चढून बघता येतं, पण त्याची वेळ ठरलेली असते, आधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना उठवा, रडली तरी उठवा, आणि उभादांड्याला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर न्या. नशीब असेल तर रापण बघायला मिळेल. होडीतून अर्धगोलात जाळं टाकून येतात आणि मग दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत बसतात, तास-दीड तास चालतं हे. मुलांना दोर धरू देतात का विचारा, बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. जाळं जवळ आलं की पाणी चमकायला लागतं, वर घारी-बगळे जमतात, आणि मग मासळीचे वाटे पडतात. आमच्या भाच्याने एकदा दहा मिनिटं दोर ओढला तर त्यालाही चार बांगडे दिले होते, पठ्ठ्या वर्षभर शाळेत सांगत होता की ‘मी मासे पकडले’.

आणि मग दक्षिणेकडे निघा. मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल हे सगळं गोव्याच्या वाटेवरच ओळीने लागतं, उलटसुलट फिरावं लागत नाही. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि त्याच शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ मास्तर होते. रेडीचा गणपती १९७६ साली खाणीच्या जागेत सापडला, दोन हातांचा आहे. जवळच यशवंतगड, तो मात्र चुकवू नका, झाडांच्या मुळांनी भिंती आवळलेल्या आहेत, मुलांना आवडेल. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूच्या काठावर असूनही गोव्यात मोडतो. गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा, १५ ऑगस्ट १९५४ ला, सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. तिथून फेरीबोटीने गाडीसकट केरीला उतरलात की गोवा. नाहीतर आरोंद्याहून किरणपाणीचा पूल आहेच.

प्रश्न : तुमचं वाचून मुद्दाम डच वखार बघायला गेलो. पडक्या भिंती, झाडी, आत जायला धड वाट नाही. बायको अजून टोमणे मारतेय. यात बघण्यासारखं नेमकं काय आहे?

वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांचं अगदीच चूक नाही. मी पण एकदा सप्टेंबरात सँडल घालून गेले होते आणि गुडघाभर गवत बघून दारातूनच परत फिरले. वखार बघायची तर जानेवारीनंतर, पायात बूट, हातात काठी.

पण ती नुसती पडकी इमारत म्हणून बघितली तर काही हाताला लागत नाही. ती तिथेच का, हे आधी कळलं पाहिजे. सतराव्या शतकात डचांना पोर्तुगीजांचा गोवा हवा होता. दरवर्षी त्यांची जहाजं गोव्याच्या मांडवी नदीच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करायची, महिनोन् महिने. आता एवढ्या खलाशांना पाणी कुठून आणायचं, तांदूळ, कोंबड्या, भाजी कुठून? जहाज फुटलं तर दुरुस्ती कुठे? गोव्याच्या जवळ, पण पोर्तुगीजांच्या हाताबाहेर असं बंदर पाहिजे होतं. वेंगुर्ला तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत. म्हणून १६३७-३८ च्या सुमाराला डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणं मांडलं. म्हणजे व्यापार होताच, पण वखारीचं मोठं काम हेच, शेजारच्या घरावर डोळा ठेवायला भाड्याने खोली घेतात ना तसं.

नाकेबंदी संपली, गोवा काही मिळाला नाही, आणि शतक संपायच्या आत डचांनी गाशा गुंडाळला. पुढे सावंतवाडीकरांकडून १८१२ मध्ये बंदर इंग्रजांकडे गेलं. आता वखार राज्य संरक्षित स्मारक आहे, म्हणजे बोर्ड आहे. बाकी काय आहे ते तुम्ही बघितलंतच.

पुढच्या वेळी वखारीतून निघून बाजारात जा. जुनं मार्केट आहे, गावात त्याला क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात, तिथली मासळी आणि भाजी बघितल्यावर वहिनींचा मूड सुधारेल याची गॅरंटी.

प्रश्न : आम्ही प्युअर व्हेज आहोत. जेवणाचे हाल होतील का?

हाल कसले! फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि ओल्या काजूची उसळ खा, मग बोलू. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे-चटणी, नारळाच्या रसातले शिरवाळे, सोलकढी, आंबोळ्या, खतखतं मिळालं तर बेस्टच. फक्त एक करा, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर बटाट्याची भाजी आणि डाळ मिळेल, आणि तो त्यांचा दोष नाही. काजूचं एक सांगते, बागायतदार ‘वेंगुर्ला चार’, ‘वेंगुर्ला सात’ म्हणून ज्या जाती लावतात त्या इथल्याच फळ संशोधन केंद्रातल्या.

प्रश्न : आईचं वय ७९. लहानपणी ती मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्याला जायची. आता गुडघे गेलेत, पण एकदा बंदर दाखव म्हणते. नेऊ का? तिला झेपेल का? आणि तिथे आता आगबोटीचं काही शिल्लक आहे का?

न्या. हे पत्र मी तीनदा वाचलं.

आमच्या आजीच्या सगळ्या गोष्टी या बोटीपासूनच सुरू व्हायच्या. रेल्वे नव्हतीच, कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ ला, आणि रस्त्याने यायचं म्हणजे एसटीत हाडं खिळखिळी. म्हणून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत ती पणजीला जायची. ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, नंतर ‘कोकण सेवक’, ही नावं आईंना विचारा, त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून मे महिन्याच्या शेवटी परतीच्या बोटीला जी झुंबड उडायची त्याचं वर्णन आजी करायची ते ऐकून घाम यायचा. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब समुद्रात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, जायचे. म्हणजे हलत्या पडावातून हलत्या बोटीच्या शिडीवर, कडेवर पोर, डोक्यावर फणस. खलाशी दंडाला धरून वर खेचायचे. आजी म्हणायची, लग्नात सुद्धा एवढी भीती वाटली नव्हती.

आता विचाराल तर शिल्लक असं काही नाही. बोट नाही, तिकिटाची खिडकी नाही, म्युझियम तर नाहीच. जेट्टी आहे, समुद्र आहे, आणि दीपगृहाची टेकडी तीच आहे. आईंना टेकडी चढायला लावू नका. बंदरापर्यंत गाडी जाते, एक फोल्डिंगची खुर्ची बरोबर ठेवा, उन्हं उतरल्यावर न्या. आणि प्लीज, ‘आई इथे बघ, कॅमेऱ्यात बघ’ असं करत बसू नका. त्या बोलायला लागल्या तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून खिशात ठेवा. आम्ही आजीचं काहीच रेकॉर्ड केलं नाही.

प्रवासाला मुंबईहून कोकणकन्या बरी, रात्री झोपायचं आणि सकाळी कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरायचं, पुढे रिक्षा नाहीतर गाडी, पाऊण तास. खालचा बर्थ मिळेल असं बुकिंग करा. विमानाचं म्हणाल तर चिपी जवळ आहे, पण फ्लाइट चालू आहेत का ते बघूनच ठरवा, गोव्यातलं मोपा थोडं लांब पण भरवशाचं.

प्रश्न : वेंगुर्ला रॉक्सला बोटीने नेतात का? ड्रोन शॉट्स घ्यायचेत.

नका हो. त्या खडकांच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, छोटे पक्षी, लाळेने घरटी बांधतात. ती घरटी सूपसाठी परदेशात विकली जायची, पिल्लांसकट खरवडून न्यायचे लोक. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी बरीच धडपड करून ती वाचवायचं काम केलं. तिथे ड्रोन कशाला? होडीत बसायचंच असेल तर वेंगुर्ल्यातल्याच मांडवी खाडीत (गोव्याची मांडवी नव्हे) बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, त्याच स्वतः वल्हवतात, इंजिनाचा आवाज नाही, खंड्या अगदी जवळून दिसतो. भरतीची वेळ विचारून जा.

प्रश्न : जुलैमध्ये गेलं तर?

समुद्र बघायला जा, समुद्रात जायला नाही. जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, बंदर एकदम रिकामं. ताजी मासळी मिळेल ती खाडीतली, नाहीतर सुका बांगडा आणि भात. मला स्वतःला हे वेंगुर्लाच जास्त आवडतं, पण तुम्ही मुलांना वाळूत खेळायचं प्रॉमिस केलं असेल तर मात्र शिव्या मला द्याल.

प्रश्न : आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात हे खरं का? आणि दशावतार कधी बघायला मिळेल?

खरं. आणि साध्या नाहीत, हातभर लांब, चामड्याच्या, खास बनवून घेतलेल्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं म्हणतात. केळ्यांचे घडही वाहतात. विश्वास ठेवा न ठेवा, पण त्या मूर्तीसमोर उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो एवढं सांगते.

दशावतारासाठी कार्तिकापासून पुढे, जत्रांच्या सीझनला जा. तारखा तिथीने असतात, त्यामुळे मुक्कामाच्या मालकांनाच विचारा, ‘आज खंयची जत्रा?’ नाटक पालखीच्या प्रदक्षिणा झाल्यावर, म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. स्क्रिप्ट नसते, संवाद जागच्या जागी. खाली बसायला चटई आणि अंगावर शाल न्या, खाजं विकत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.

प्रश्न : मी बेळगावचा. तुम्ही मुंबई-पुण्याचंच बोलता, वेंगुर्ला आमचं बंदर होतं हे कोणी लिहीत नाही!

लिहिते, बरोबर आहे तुमचं. बेळगावच्या छावणीला लागणारं सामान इंग्रज वेंगुर्ल्याला उतरवायचे आणि तिथून आंबोली घाटाने वर न्यायचे, आंबोली हा त्या वाटेवरचा टप्पा. मग १८८८ मध्ये मार्मागोव्याहून घाटावर रेल्वे सुरू झाली आणि माल तिकडे वळला. वेंगुर्ला जे शांत झालं ते तेव्हापासून. तुम्हाला तर सोप्पंय, तोच रस्ता धरा, साधारण सव्वाशे किलोमीटर, सकाळी आंबोलीत चहा आणि दुपारी वेंगुर्ल्यात जेवण. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, घाटात धबधब्याखाली गाड्याच गाड्या असतात.

प्रश्न : तुमच्या आजोळच्या होमस्टेचा नंबर द्याल का?

आजोळी होमस्टे नाहीये हो, तिथे फक्त मामा आहे.